पाळण्यातला बाप

विहिरीच्या तळाशी काम करणाऱ्याला दिवस किती वर आला ते उन्हावरून नाही, तहानेवरून कळतं. जीभ टाळूला चिकटली तेव्हा थोरल्याने ओळखलं, अकरा वाजून गेले असणार. त्याने दगड फोडायची सुतकी खाली ठेवली, मनगट दोनदा फिरवून मोकळं केलं आणि आत्ताच फुटलेल्या खडकाच्या फटीत बोट घातलं. बोट कोरडंच बाहेर आलं. नखात नुसती पांढरी भुकटी.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवून गेला होता. असं साल आलं की सगळ्या गावाचे हात रिकामे होतात आणि विहीर खोदणाऱ्याला मात्र पाठ टेकायला सवड मिळत नाही. ही विहीर बागवाल्याची. आठशे झाडं संत्र्याची, पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडत. चाळीस हातांवर पाणी आटलं होतं, थोरला आता पन्नासावर पोचला होता. बागवाल्याने पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात पाणी दिसलं नाही तर झाडं तोडून सरपणाला घालतो म्हणाला होता. त्यातले आठ दिवस संपले होते.

वर तोंडाशी रहाट होता. जाड लाकडी रूळ, त्याला दोन बाजूंना दोन मुठी, रुळावर दोर आणि दोराच्या टोकाला पाळणा. पाळणा म्हणजे लोखंडी पट्ट्यांची कमरेएवढी टोपली. दगड त्यातूनच वर जात आणि माणसंही. पाळणा वर आला की रहाट उलटा फिरू नये म्हणून रुळाच्या भोकात लोखंडी गज सरकवायचा. त्या गजाला अडसर म्हणत. मुठीवरच्याने ‘अडसर’ अशी हाक द्यायची, ती ऐकताच गजावरच्याने गज सरकवायचा आणि मूठ सुटायची. नियम एवढाच. शहाण्याला तो सांगावा लागत नसे आणि मूर्खाला रहाटावर कुणी उभं करत नसे.

रहाटावर लंबू आणि त्याचा मेहुणा होते. दोघंही थोरल्याहून लहान. खरं तर एक्केचाळीस वर्षांचा, इतक्या विहिरी उपसलेला माणूस वर उभा राहून हुकूम सोडतो आणि तरणे खाली उतरतात. पण थोरल्याला कुणी रहाटाला हात लावू देत नसे. गावात त्याला ढिल्या म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देत असे.

त्याची गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. बाप विहीर खोदणाऱ्यांत नावाजलेला. त्या दिवशी तो खालून वर येत होता. एका मुठीवर वीस वर्षांचा थोरला, दुसऱ्या मुठीवर एक म्हातारा गडी. अडसर घालायला धाकटा, चौदा वर्षांचा. पाळणा तोंडाशी आला, थोरल्याने मूठ सोडली आणि बापाला काठावर ओढायला हात पुढे केला. गज बसलेला नव्हता. म्हाताऱ्याला एकट्याला भार पेलला नाही, त्याचं मनगट मोडलं, आणि बाप चाळीस हात खाली गेला.

म्हाताऱ्याने सगळ्यांना सांगितलं, पोराने हाकच मारली नाही, तशीच मूठ सोडली. धाकट्याला विचारलं. तो रडत म्हणाला, मला हाक ऐकू आली नाही. सुरुंगांनी म्हाताऱ्याचे कान अर्धे गेलेले होते, हे गावाला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही. थोरल्याला पहिले काही महिने स्वतःची हाक स्पष्ट आठवायची. मग कमी कमी आठवायला लागली. दोन माणसं नाही म्हणतात तिथे तिसऱ्याचा आवाज त्याच्याच कानात विरत जातो. पुढे पुढे तो झोपेतून उठून बसायचा आणि मनाशी जुळवायचा: आधी बाबांचं डोकं दिसलं, मग पाळणा, मग मी ओरडलो. की ओरडलो नाही? म्हातारा गडी तर केव्हाच गेला. विचारायचं कुणाला?

दुपारी त्याला वर ओढलं तेव्हा काठावर बागवाला उभा होता. ओल लागली का, हे त्याने रोजच्यासारखं विचारलं. मग डबा सोडणाऱ्या थोरल्याच्या शेजारी दगडावर बसून म्हणाला, तुझा भाऊ आलाय. माल भरायची शेड मागत होता, आठ दिवसांसाठी. यंदा फळ नाही, शेड रिकामीच पडलीय, म्हटलं घे. फोटोंचं प्रदर्शन मांडणार म्हणे. शहरातून माणसं येणार आहेत.

“तुमच्याच घरचे फोटो आहेत म्हणत होता,” बागवाला म्हणाला. “लहानपणापासूनचे सगळे. तुला माहीत नव्हतं?”

थोरल्याने घास गिळला. “कळेल की संध्याकाळी.”

संध्याकाळी अंगणात चार लाकडी खोकी आणि धाकटा, दोन्ही होते. चार वर्षांनी आला होता. कानशिलं पांढरी झाली होती. मोठं नाव झालं होतं त्याचं. गावोगावचे जुने धंदे, जुनी घरं, जुनी माणसं टिपणारा म्हणून त्याचे फोटो पुस्तकांत येत. आई त्याच्या शेजारी बसून त्याचा हात कुरवाळत होती. थोरला आत आला तशी ती म्हणाली, “बघ कोण आलंय,” आणि हात तसाच ठेवला.

धाकटा उठला.  मग त्याने तोंड धुवायला बादलीतलं पाणी घेतलं आणि सढळ हाताने घेतलं. थोरल्याची बायको दारातून ते बघत होती. ती बादली तिने मैलभरावरून, दीड तास रांगेत उभं राहून आणली होती. तिने उरलेली बादली उचलून आत नेली. धाकट्याच्या ते लक्षात आलं. हातातलं पाणी परत कशात टाकावं हे न कळून तो तसाच ओंजळ धरून राहिला.

जेवताना त्याने प्रदर्शनाचं सांगितलं. शहरात लावलं होतं, लोकांना आवडलं. पण ज्यांचं आहे त्यांनी बघितलंच नाही, म्हणून इथे. सगळं त्याच्या स्वतःच्या आयुष्याचं, लिहिलेलंही त्यानेच. आणि विहीर खोदायचा धंदा आता लोप पावत चाललाय, यंत्रं आलीत, तेव्हा हे सारं कुठे तरी जपून ठेवायला हवं.

“उद्या सकाळी सहाला ये विहिरीवर,” थोरला म्हणाला. “कसा लोप पावतोय ते दाखवतो.”

बायको हसली. धाकटाही हसला, पण जरा उशिरा. मग तो चाचरत म्हणाला, “दादा, मागे गोठ्यात जुना पाळणा आहे ना? तो शेडमध्ये मांडला असता.”

थोरल्याचा हात ताटात थांबला. तो पाळणा एकवीस वर्षांत कुणी हलवला नव्हता.

“पाळणा राहू दे,” तो म्हणाला.

ताटं उचलल्यावर धाकटा त्याच्या मागोमाग अंगणात आला. मला तुझ्याशी जरा बोलायचंय, म्हणाला. थोरल्याचे खांदे ठणकत होते, डोळ्यांत दगडाची भुकटी होती. पाणी लागलं की बोल, असं सांगून तो आडवा झाला. दुसऱ्या संध्याकाळी धाकट्याने परत विषय काढला. तेव्हा थोरल्याला वाटलं, घराच्या वाटणीचं असणार. त्याने परत तेच उत्तर दिलं.

विहिरीत त्या दिवसांत खडक काळा लागला होता. काळ्या खडकावर पहार मारली की ती आधी हाताला मारते. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर कापड गुंडाळून त्याने काम चालू ठेवलं. पूर्वेच्या बाजूचा मुरूम सुटत होता. अधूनमधून मूठमूठ खडे अंगावर येत आणि दर वेळी तो भिंतीला चिकटून वर बघे. वर आभाळाची एवढीशी गोल थाळी आणि तिच्या काठावर दोन डोकी.

अकराव्या दिवशी लंबूच्या मेहुण्याला ताप भरला. सकाळी येऊन तो काठावरच बसला, हात थरथरत होते. रहाटाला एक माणूस कमी पडला. थोरला अजून उतरला नव्हता. तो म्हणाला, आज नुसता फोडलेला दगड वर काढायचाय, तो भरायला कुणीही चालेल, मी घेतो एक मूठ.

लंबू बागवाल्याकडे बघू लागला. बागवाला बागेकडे बघू लागला.

“तू राहू दे,” बागवाला म्हणाला. “मी शेजारच्या वस्तीवरून माणूस बोलावतो.”

माणूस येईपर्यंत अर्धा दिवस गेला. चार दिवसांत झाडं तोडायची वेळ आलेला बागवाला अर्धा दिवस फुकट घालवायला तयार झाला, पण ढिल्याच्या हातात मूठ द्यायला नाही. थोरला एका वाळक्या झाडाखाली बसून छिन्नीला धार लावत राहिला. छिन्नीला धार होतीच.

त्याच दुपारी बायको शेड झाडायला गेली होती. धाकट्यानेच विनवलं होतं, वहिनी, माणूस मिळत नाही. ती लवकर परतली आणि घरी न जाता सरळ विहिरीवर आली. अशी ती कधी येत नसे. लंबूला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर तिने नवऱ्याला बोलावलं.

“उद्या लोक यायच्या आत तुम्ही एकदा शेडमध्ये जाऊन या.”

“का? काय आहे?”

“मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही वाचा. सावकाश वाचा.”

तिचा चेहरा बघून त्याने पुढे विचारलं नाही.  काम सुटल्यावर, अंगावरच्या भुकटीसकट तो शेडकडे निघाला. ऊन कललं होतं. शेडचं मोठं लोखंडी दार अर्धं उघडं होतं. आत जिथे दर वर्षी फळांच्या पेट्यांच्या थप्प्या लागायच्या तिथे भिंतींवर ओळीने चौकटी लावल्या होत्या आणि प्रत्येकीखाली पांढऱ्या कागदाची पाटी होती. टोकाला धाकटा शिडीवर चढून दिवा बसवत होता.

“दादा,” तो म्हणाला आणि शिडीवरच थांबला.

थोरला पहिल्या चौकटीपासून चालू लागला. घराचा उंबरठा, मधोमध झिजलेला. ‘या उंबरठ्यावर बसून मी जग बघायला शिकलो.’ आईचे हात, धान्य निवडणारे. मामा, ज्याने पहिला कॅमेरा दिला. गावचा लोहार भात्याजवळ, डोळे मिटलेले. बंद पडलेला हातमाग आणि त्याच्यावर झोपलेली मांजर. पुढे एका चौकटीत एक उघडी पाठ होती, घामाचं मीठ साचून पांढऱ्या रेघा उमटलेली. स्वतःची पाठ माणसाला ओळखू येत नाही. खाली ‘माझा दादा’ लिहिलेलं वाचल्यावर त्याला कळलं.

शेवटच्या भिंतीवर एकच मोठा फोटो होता.

पाळण्यात बाप उभा होता. अर्धा उन्हात, अर्धा विहिरीच्या सावलीत. केस, भुवया, मिशा चिखलाने माखलेल्या. एक हात दोराला आणि दुसरा वर केलेला. आणि तो हसत होता. सगळे दात दिसत होते. थोरल्याला बापाचा चेहरा आठवायचा तो नंतरचा, कापडाखालचा. हा त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्याचा हात आपोआप डोक्यावरच्या फडक्याकडे गेला आणि ते त्याने काढून घेतलं.

मग तो खाली वाकला. चौथीपर्यंतचं शिक्षण, तेही गंजलेलं. अक्षरावर बोट ठेवून तो वाचू लागला.

‘माझे वडील विहिरीतून वर येताना. हा माझा पहिला चांगला फोटो. रहाटाला अडसर घालायचं काम माझ्याकडे होतं. दादाने हाक मारली. मी ती ऐकली. मी आधी हा फोटो काढला.’

तो शेवटपर्यंत गेला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागला. पांढऱ्या कागदावर त्याच्या बोटाचा मळकट माग उमटत गेला.

धाकटा शिडीवरून उतरून मागे येऊन उभा राहिला होता.

“मी हाक मारली होती?” थोरल्याने न वळता विचारलं.

“हो.”

“तुला ऐकू आली?”

“आली.”

“किती वेळा मारली?”

“दोनदा. दुसऱ्यांदा जोरात.”

थोरला खाली बसला.   छातीवरचं काही तरी निघून जातंय असं वाटलं आणि त्याच जागी दुसरं काही तरी चढायला लागलं, जास्त तापलेलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. गुबगुबीत हात, स्वच्छ नखं. याचा गळा धरायला आपल्याला चार पावलं पुरतील, हा हिशेब त्याच्या मनात लख्ख होऊन गेला. तो उठला. ती चार पावलं चाललाही. धाकटा जागचा हलला नाही, हातही वर केले नाहीत त्याने. तेवढ्यानेच थोरल्याचे हात खाली राहिले.

“एकवीस वर्षं,” तो म्हणाला. “मला ढिल्या म्हणताना तू ऐकलंस. आज सकाळी मला मूठ धरू दिली नाही. बायकोसमोर, लग्नात, बाजारात, कुठे कुठे ऐकलं मी. आणि तू फोटो काढत हिंडलास.”

“दर वेळी सांगायचं ठरवून यायचो, दादा. घराचं दार दिसलं की उद्यावर ढकलायचो. परवाही—”

“मग कागदाला सांगितलंस. शहरात वाचलं लोकांनी हे?”

“नाही. शहरात नुसता फोटो होता. पाटी इथेच लावली. पहिल्यांदा.”

थोरला पाटीकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, “आईला वाचता येत नाही.”

धाकट्याने मान खाली घातली.

“ते तुला माहीत होतं. गाव वाचेल, मी वाचीन, तुझं मन हलकं होईल आणि आईला कुणी सांगणार नाही. तिचा लाडका तिचा लाडकाच राहील. असंच ना?”

“तिला सहन नाही व्हायचं. पंच्याहत्तर वर्षांची आहे.”

“उद्या सगळ्यांसमोर तिला तू वाचून दाखव,” थोरला म्हणाला. “माझं नाव चार माणसांत गेलं. तुझं तोंड चार माणसांतच उघडू दे. मी वाचणार नाही आणि दुसऱ्या कुणाला वाचू देणार नाही.”

घरी त्याने बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. बरोबर केलंत, म्हणाली. पण जेवण पुढ्यात आल्यावर थोरलाच कचरला. आई अंगणात बसून धाकट्याचा सदरा शिवत होती, सुईत दोरा ओवता येईना म्हणून स्वतःवरच हसत होती. तिला काही झालं तर? राहू दे म्हणावं का? मला कळलं, एवढं पुरे नाही का? बायकोने ताट पुढे सरकवलं.

“आईंचं निमित्त करू नका,” ती म्हणाली. “ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय या घराला आधीच फार झाली.”

रात्री धाकटा जेवायला आला नाही, शेडमध्येच काम आहे असा निरोप आला. सकाळीही त्याची जागा रिकामी होती. थोरल्याच्या मनात आलं, पळाला. पाटी काढली आणि पहिल्या गाडीने गेला. तो तसाच चूळ न भरता शेडकडे गेला, झपाझप, शेवटी जवळजवळ पळत. धाकटा शेडच्या पायरीवर बसला होता. डोळे सुजलेले होते. आत पाटी जागेवर होती, कालच्या मळक्या बोटांसकट.

दहाच्या सुमाराला माणसं जमली. शहरातून दोन गाड्या आल्या. गावातले तीस-चाळीस जण, विहिरीचं काम तासभर थांबवून लंबू आणि ताप उतरलेला त्याचा मेहुणाही. बागवाल्याने धुतलेला सदरा घातला होता. आईला बायकोने हात धरून आणलं. ती प्रत्येक चौकटीपाशी थांबत होती, मामाला ओळखून त्याच्याशी बोललीसुद्धा, केवढा वाळलास रे तू. माणसं हसली. थोरला तिच्या चार पावलं मागे चालत होता. त्याच्या तळव्यांवरच्या पट्ट्या घामाने ओल्या झाल्या होत्या.

शेवटच्या भिंतीशी जे पुढे पोचले होते ते गप्प झाले होते. लंबूने पाटी वाचली, मग मागे वळून थोरल्याकडे पाहिलं, आणि त्याला नजर ठेवायला जागा सापडेना. कुजबुज मागे मागे सरकत आली. आई गर्दीतून वाट काढत फोटोसमोर आली आणि थबकली.

“हे तर तुझे बाबा,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. तिने काचेवर हात ठेवला. नवऱ्याच्या मिशीवरचा चिखल पुसावा तसा अंगठा फिरवला. मग खालच्या पाटीकडे बोट करून तिने थोरल्याला विचारलं, “काय लिहिलंय रे?”

सगळी शेड थोरल्याकडे बघत होती. त्याच्या ओठांवर ‘काही नाही’ आलं होतं. नुसते दोन शब्द होते, सोपे होते. तो धाकट्याकडे बघत राहिला.

धाकटा पुढे आला. पाटीकडे न बघता त्याने म्हटलं. पहिलं वाक्य नीट आलं, दुसरं नीट आलं. “दादाने हाक मारली,” इथे त्याचा आवाज फाटला. तो थांबला.  “दादाने हाक मारली, आई. मी ती ऐकली. मी आधी फोटो काढला.”

आईला पहिल्यांदा ते नीटसं पोचलं नसावं. ती फोटोकडेच बघत होती.

“हे कुणाकडे बघून हसतायत?”

“माझ्याकडे,” धाकटा म्हणाला. “मीच म्हटलं होतं, बाबा, इकडे बघा.”

ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. थोरल्यालाही ते तेव्हाच कळलं. वर केलेला तो हात कुणासाठी वर केला होता तेही.

आईने काचेवरचा हात काढला. शेजारी एक रिकामी पेटी होती, तिच्यावर ती बसली. बायकोने पाणी दिलं, ते तिने सगळं प्यायलं, भांडं परत दिलं आणि म्हणाली, “मला घरी न्या.” धाकटा तिला उठवायला वाकला. तिने त्याला बाजूला सारलं नाही, पण त्याच्या हाताकडे नुसतं बघत राहिली. शेवटी त्यानेच तो मागे घेतला.

लोक पांगले. जाता जाता बागवाला थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, झालं गेलं, आता विसरून जायचं. थोरल्याने खांदा काढून घेतला. बारा दिवस त्याचं खाऊनपिऊन काम करणाऱ्या माणसाने हे पहिल्यांदाच केलं.

दुपारी विहिरीवर गेल्यावर लंबू रहाटाशेजारी उभा होता, मुठीपासून दूर. “तू धर आज,” तो म्हणाला. “मी उतरतो खाली.” थोरल्याने मूठ धरली. लाकूड हातांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. एक पाळणा दगडांचा त्याने वर काढला. हाक मारली, गज बसल्याचा खणका ऐकला, तरी बोटं मुठीवरून सुटेनात. मेहुण्याने हळूच म्हटलं, बसलाय अडसर, सोड. त्याने एकेक बोट उचलून मूठ सोडली. मग लंबूला वर बोलावलं आणि स्वतः खाली उतरला. सवय मोडायलाही वेळ लागतो. पण त्या दिवशी त्याला कुणी उतरवलं नव्हतं, तो आपल्या मनाने उतरला होता.

गावाची मात्र पंचाईत झाली. ढिल्या म्हणवेना आणि मूळ नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. दोन दिवस लोक त्याला नुसतं ‘अहो’ म्हणून वेळ मारून नेत होते.

पंधराव्या दिवशी उत्तरेच्या कपारीतून पाझर फुटला. फार नाही, पण चोवीस तासांत गुडघाभर साचलं. अर्धी बाग वाचेल असा अंदाज निघाला. बाकीच्या अर्ध्या बागेवर कुऱ्हाड पडली. तो आवाज घरापर्यंत येत होता.

धाकटा आठही दिवस घरीच जेवला. आई त्याला वाढत होती, पोट भरलं का बघत होती, पण बोलत नव्हती. त्याने माफी मागायचा प्रयत्न केला की ती उठून दुसरं काम काढायची. थोरलाही त्याच्याशी कामापुरतंच बोलला. प्रदर्शन संपलं तेव्हा खोकी बांधायला मात्र त्याने मदत केली. बापाचा फोटो दोघांनी दोन बाजूंनी धरून उतरवला आणि धाकट्याने तो घरात आणून ठेवला. निघताना तो आईसमोर वाकला, तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. “पुढच्या खेपेला येशील तेव्हा ते फोटोचं यंत्र तिकडेच ठेवून ये. नुसता ये.” तो हो म्हणाला. गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती.

त्या संध्याकाळी थोरला अंगणात बसून तळव्यांच्या पट्ट्या सोडवत होता. कापड जखमेला चिकटलं होतं. आई येऊन त्याच्यासमोर बसली.  मग कापडाचं टोक ओलं करून ती स्वतःच सोडवू लागली.

“तुला माहीत होतं का रे, तू हाक मारली होतीस ते?”

“आधी वाटायचं. मग वाटेनासं झालं.”

“मला बोलला नाहीस कधी.”

“तू विचारलं नाहीस.”

तिचे हात थांबले. कुऱ्हाडीचा आवाज आता बंद झाला होता, माणसं घरी गेली असावीत.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “गावाने सांगितलं ते ऐकलं. त्या म्हाताऱ्याने सांगितलं ते ऐकलं. धाकट्याला कुशीत घेऊन त्याचंही ऐकलं. तू तिथे भिंतीला टेकून उभा होतास, दिसत होतास मला. तुला मी एकदाही विचारलं नाही.”

थोरल्याने दुसरा तळहातही तिच्यापुढे धरला.  

“आता विचार,” तो म्हणाला.

आईने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. चेहरा वर केला आणि त्याच्या डोळ्यांत बघत, जसं वीस वर्षांच्या पोराला विचारावं तसं विचारलं, “तू हाक मारली होतीस का रे, बाळा?”

“मारली होती, आई.”

“किती वेळा?”

“दोनदा,” थोरला म्हणाला. “दुसऱ्यांदा जोरात.”